बाद फेरीतली बाई

गडहिंग्लजच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात आता कोणी थांबत नसे. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा आला की दारातच गोंधळायचा. एवढा मोठा हॉल, वर फिरणारे पंखे, कडेला पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि माणूस एकही नाही. आज संप आहे की काय, असं वाटावं. फरशीवर जुन्या बाकांच्या पायांचे डाग तेवढे राहिले होते. सफाईच्या मावशींनी एकदा ॲसिड टाकून ते घासून पाहिले, तर भोवतालची फरशीच पांढरी पडली आणि डाग आणखी उठून दिसायला लागले.

पेशंट यायचे ते फोन आल्यावर. "तुम्ही आता निघा," एवढंच फोन सांगायचा. मग माणूस नेसरीहून निघो की हलकर्णीहून, तो दारात पाऊल टाकायचा तेव्हा डॉक्टरांच्या समोरची खुर्ची नुकतीच रिकामी झालेली असायची. तिला आधीच्या माणसाची ऊब असायची म्हणे. तपासणी, रक्त, औषध, आणि माणूस परत रस्त्यावर. गावात त्याला 'जा-ये दवाखाना' म्हणायचे. म्हणताना कौतुकच असायचं.

त्या कौतुकात वृंदा कानडेचा मोठा वाटा होता. ती आधी इथल्या ओपीडीत सिस्टर होती. काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक टीम आली. त्यांची पद्धत कारखान्यातून आलेली, पण समजायला सोपी. पेशंट दारातून आत आला की त्याच्या मागोमाग चालायचं, तो बसला की आपणही बसायचं, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्याची एक चिठ्ठी भिंतीवर चिकटवायची. खरोखर उपचार मिळाला तिथे हिरवी, नुसता थांबला तिथे लाल. दिवसभर वृंदानंच चिठ्ठ्या लावल्या. संध्याकाळी सगळे भिंतीसमोर उभे राहिले. भिंत लालभडक, आणि तिच्यात कुठंतरी चुकून चिकटल्यासारखी एखादी हिरवी.

मग टेबलं हलली, रक्ताची खोली ओपीडीला लागून आली, एकाच कागदासाठी तीन खिडक्या फिरवणं बंद झालं. पुष्कळ लाल उतरलं. तरी काही लाल हटेना, कारण उद्या कोण, कधी, काय घेऊन येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यासाठी 'ओघ' आला.

ओघाची कल्पना अशी होती. तालुक्यातल्या मोठ्या माणसांच्या मनगटावर आता आरोग्यपट्टी असायची. नाडी, झोप, चालण्याचा वेग, धाप लागणं, हे सगळं ती टिपायची. त्यातून ओघ त्या माणसाची एक पडछाया तयार करायचा. पडछाया म्हणजे फोटो नव्हे. त्या माणसासारखा वागणारा हिशेब. तो जिना किती वेगानं चढेल, किती वेळ उभा राहू शकेल, कधी कंटाळेल, कधी चक्कर येऊन बसेल, हे सगळं त्या हिशेबात. रोज दुपारी चार वाजता ओघ उद्याचा दवाखाना मांडायचा आणि त्यात या पडछाया सोडायचा. एकदा नाही, हजारो वेळा. कोणाला आधी बोलावलं तर कोणाला ताटकळावं लागतं, हे प्रत्येक फेरीत बघायचा. कोणीच ताटकळत नाही अशी फेरी सापडली की ती उद्याची ठरली. बाकीच्या सगळ्या बाद.

म्हणजे थांबणं संपलं नव्हतं. तालुक्याच्या वाटणीचं सगळं थांबणं आता पडछाया करत होत्या.

वृंदाला हे फार आवडायचं. ती आता ओघाच्या खोलीत बसायची, ठरलेली फेरी शेवटची तपासून मंजूर करायची. घरी जाताना तो रिकामा हॉल ओलांडायची तेव्हा तिला बरं वाटायचं. कारण याच हॉलमध्ये, याच्या कुठल्याशा बाकावर, तिची आई गेली होती.

तेव्हा वृंदा सांगलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईला सकाळपासून पोटात वरच्या बाजूला जळजळत होतं, म्हणून वडील तिला घेऊन आले. नंबर लांबचा लागला. आई बसून राहिली. दुपारी तिनं खांबाला मान टाकली, तेव्हा शेजारच्या बाईला वाटलं डोळा लागला. त्या बाईनं आपली पिशवीसुद्धा जरा सरकवून घेतली, तिला नीट टेकता यावं म्हणून.

हे सगळं वृंदाला दुसऱ्यांकडून कळलेलं. वडील, म्हणजे नाना, त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत.

*

गणपतीच्या सुट्टीत तन्मय देवस्थळी पुण्याला गेला होता. ओघ त्यानंच बसवला होता आणि तो इथंच राहायचा. तो नसताना मोठ्या पडद्यावर बाद फेऱ्या तशाच धावत राहिल्या. एरवी वृंदा त्या बघत नसे. ओघाला हॉलचा नकाशा जुनाच भरला होता, बाकांसकट, त्यामुळे पडद्यावरचा हॉल गच्च भरलेला असायचा. करड्या रंगाची, चेहरा नसलेली माणसं बाकांवर बसलेली, भिंतीला टेकलेली. फेरी बदलली की सगळी विरून जायची आणि नव्यानं येऊन बसायची.

वृंदा चहा पीत उभी होती. खांबाजवळच्या बाकावर एक पडछाया पुढं वाकून बसली होती. तिनं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी पोटाच्या वरच्या भागावर दाबून धरली होती. डावा पाय उजव्यावर अडकवला होता. मग एक हात वर गेला आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखा तोंडाशी थांबला.

वृंदाच्या हातातला चहा निवून गेला.

आई विचारात पडली की पदराचं टोक दातात धरायची. पाय असाच अडकवायची. नाना तिला चिडवायचे, "काय गं, पदर खाऊन पोट भरणार हाय का?"

तिनं पडछायेवर बोट ठेवलं. नाव आलं: शिवलिंग हत्तरकी, कापड दुकानदार. दुसऱ्या दिवशी सकाळी येणारा पेशंट. त्याच्या पडछायेला पदर कुठून आला?

ती बघत असतानाच पडछायेनं खांबाला मान टाकली. फेरी संपली, बाद झाली.

दुसऱ्या दिवशी हत्तरकी मामा आले, वेळेवर आत गेले, बीपीच्या गोळ्या बदलून घेतल्या आणि हसत बाहेर पडले. जाताना वृंदाला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या दवाखान्यात आता दोन गोष्टी बोलायलाबी कुणी भेटत न्हाई बघा." त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांच्या दुकानाला कुलूप दिसलं, आणि शटरवर चिकटवलेला तेराव्याचा कागद.

तन्मय परत आल्यावर तिनं त्याला विचारलं.

"सोपं आहे, सिस्टर," तो म्हणाला. त्याला असं काही समजावून सांगायला आवडायचं. "माणसं थांबतात कशी, हे यंत्राला कुठून कळणार? पुस्तकात नसतं ते. म्हणून आपल्या हॉलचं जुनं कॅमेऱ्याचं चित्रण वापरलं. चेहरे पुसून टाकले, पण कोणाचं पुढं काय झालं ते जोडलं. त्यावरून ते थांबायला शिकलं."

"कधीचं चित्रण?"

त्यानं साल सांगितलं.

वृंदानं मनात वर्षं मोजली. मग म्हणाली, "म्हणजे माझी आई आहे त्याच्यात."

तन्मयचा चेहरा उतरला. त्याला हे माहीत नव्हतं. "व्यक्ती नसते त्याच्यात," तो हळू म्हणाला. "सवयी असतात. तुकडे असतात. एखादं माणूस अमुक प्रकारे बसलं आणि पुढे कोसळलं, तर ते बसणं आणि कोसळणं त्याच्या शिकण्यात एकत्र बांधलं जातं. मग दुसरी कोणाची पडछाया कोसळायच्या बेताला आली, की ते तसं बसवतं तिला. पदरासकट."

"हत्तरकी मामांची बसली होती तशी. आणि ते गेले."

"बाद फेरीत कोसळली. बाद फेऱ्यांत त्यांना खूप वेळ थांबावं लागत होतं. ठरलेल्या फेरीत ते लगेच बाहेर पडले."

"बाहेर पडून कुठं गेले?"

ओघासाठी दवाखाना फाटकापाशी संपत होता. बाहेर पडलेला पेशंट म्हणजे झालेलं काम. त्याची पडछाया तिथंच मिटवली जायची.

त्यानंतर वृंदा रोज बाद फेऱ्या बघायला लागली. काम आटोपलं तरी खोलीतून पाय निघत नसे. आपण नेमकं कशासाठी बघतो, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. कधी आठवडाभर काही दिसायचं नाही आणि तिला चुकल्यासारखं व्हायचं. मग एक दिवस हलकर्णीच्या शाळेतल्या देसाई बाईंच्या पडछायेनं पाय अडकवला, पिशवी पोटाशी दाबली. आई आली, असं वृंदाच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःची शरम वाटली. देसाई बाई वेळेवर येऊन वेळेवर गेल्या. त्यांची बातमी तिला पेपरात वाचायला मिळाली.

"दोन म्हणजे योगायोगही असू शकतो," तन्मय म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

तिसऱ्यांदा ती लकब दिसली तेव्हा वृंदानं बोट ठेवलं आणि नाव वाचलं. मग तिनं मागची फेरी पाहिली, त्याच्या मागची पाहिली. ज्या ज्या फेरीत त्या माणसाला थांबावं लागत होतं, त्या प्रत्येक फेरीत तो दुपारी खांबाला मान टाकत होता.

"तन्मय सर," ती म्हणाली, "हे माझे नाना आहेत."

*

घरी आली तेव्हा नाना जुईला भरवत होते. जुई तीन वर्षांची. वृंदाचा नवरा प्रसाद गोव्याला बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा यायचा, त्यामुळे जुईला वाढवत होते ते नानाच. ते एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. अजूनही प्रत्येक घासाची गाडी लागायची.

"गडहिंग्लज–आजरा–आंबोली," नाना हातात वरणभाताचा घास धरून गंभीर आवाजात म्हणाले, "फलाट क्रमांक दोनवर उभी हाय. प्रवाशांनी तोंड उघडावं."

जुईनं तोंड उघडलं. गाडी आत गेली.

वृंदा उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. नानांचा हात थरथरत नव्हता. रंग नेहमीसारखा होता. श्वास लागत नव्हता. नर्सच्या नजरेनं बघितलं तरी काही नाही, आणि लेकीच्या नजरेनं बघायचं तिला धाडस होईना.

"नाना, उद्या तपासून झालं की लगेच घरी येऊ नका. जरा बसा तिथं."

"कुठं?"

"हॉलमध्ये."

"तिथं बाकडं तरी ठेवलंय का तुम्ही?"

"मी खुर्ची देते."

"आणि ह्या म्हाराणीला बालवाडीतनं कोण आणणार?"

"शेजारच्या काकू आणतील."

नानांनी जुईचं तोंड पुसलं, तिला खाली सोडलं, आणि मग लेकीकडे बघितलं. "काय झालंय मला?"

"काही नाही."

"काही न्हाई तर बसू कशाला? तुमच्या ओघात काय दिसलं व्हय?"

"दिसलं."

"काय?"

तिला सांगता येईना. आई दिसली म्हणावं, तर ते खरंही होतं आणि नव्हतंही. "नीट कळत नाही, नाना. म्हणून तर बसा म्हणते."

नाना बराच वेळ ताटातली शितं बोटानं गोळा करत राहिले. "मी त्या हॉलात बसलो न्हाई कवा, त्यानंतर," ते म्हणाले. "तुमचं ते जा-ये झालं म्हणून तरी तिथं येतो मी." मग उठता उठता म्हणाले, "बरं. बसतो. पण डबा घरचा आणणार. तुमच्या कँटीनचं उप्पीट भिंतीला लावलं तर लिंपण हुईल."

*

सकाळी नानांची तपासणी झाली. हृदयाच्या डॉक्टर रॉड्रिग्ज मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त बघितलं, छातीला नळी लावून शांतपणे ऐकलं. वृंदानं त्यांना ॲडमिट करायची विनंती केली.

"कशावर करू?" मॅडम म्हणाल्या. "सगळं स्वच्छ आहे. बेड मागितला तर ओघ कारण विचारेल. काय लिहू मी? सिस्टरला वाटतंय?" त्या वाईट बोलल्या नाहीत. खरं तेच बोलल्या.

वृंदानं स्टोअरमधून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि हॉलमध्ये पंख्याखाली ठेवली. नानांनी ती उचलली, इकडे तिकडे बघत फरशीवरच्या डागांचा अंदाज घेतला, आणि खांबाजवळ नेऊन ठेवली.

"हितं होतं आमचं बाकडं," ते म्हणाले आणि बसले.

ओघात माणसाला थांबवायचं बटणच नव्हतं. छतावरच्या कॅमेऱ्यांना हॉलमध्ये एक माणूस दिसत होता, आणि तो ओघाच्या मते तिथं असायला नको होता. थोड्या वेळानं नानांचा फोन वाजला. "आपली भेट पूर्ण झाली आहे. कृपया निघा."

"व्हय बाई, निघतो," नाना अदबीनं म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. परत वाजला. परत तेच. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "लेकीनं बसवलंय. तिला इचारा."

एक माणूस फाटकाबाहेर पडेना म्हटल्यावर ओघ पुढच्या भेटी मागं सारायला लागला. पण घरून निघालेली माणसं रस्त्यात होती, ती येऊन पोचली आणि डॉक्टरांच्या खोल्यांची दारं बंद. कोणी उभं राहिलं, कोणी खांबाला टेकलं, एका म्हातारीनं तर पदर झटकून सरळ फरशीवर बैठक मारली. दुपारपर्यंत हॉलमध्ये माणसांचा आवाज घुमायला लागला.

"काय नाना, कुणाची वाट बघताय?" आगारातला एक जुना कंडक्टर येता येता म्हणाला.

"एसटीची."

"लेट हाय का?"

"तू असशील तर असणारच."

माणसं हसली. वृंदा मात्र हसली नाही. ती खुर्चीपासून चार हातांवर उभी होती आणि वडिलांचे हात बघत होती.

तन्मय खाली आला. "सिस्टर, तालुका तुंबलाय. ट्रस्टच्या ऑफिसातून दोनदा फोन आला. तुमचं नाव विचारत होते."

"सांगा नाव."

"सांगितलं नाही मी." त्यानं नानांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चार वाजता उद्याची मांडणी सुरू होते. तोपर्यंत मी ढकलतो काहीतरी. त्यापुढं मला हॉल मोकळा लागेल."

नानांनी डबा खाल्ला. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. एक तुकडा शेजारी बसलेल्या म्हातारीला दिला. त्यांना काही होत नव्हतं. वृंदाच्या मनात हळूहळू दुसरंच काही यायला लागलं. आपल्याला आई दिसावी असं वाटत होतं, म्हणून ती दिसली असेल. इतकी वर्षं जे बघायला मिळालं नाही ते आपण रोज दुपारी चार वाजता बघत बसलो, आणि आज त्यापायी हा सगळा खोळंबा मांडला.

समोर एक बाई तापानं फणफणलेलं मूल खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. तिची वेळ केव्हाच टळली होती. मूल एका सुरात रडत होतं.

"ती बी अशीच एक हुती," नाना एकदम म्हणाले.

"कोण?"

"तुझ्या आईचा नंबर जवळ आला हुता. दोन माणसं पुढं, बस. तेवढ्यात एक पोरगी लेकरू घेऊन आली. तुझी आई मला म्हणाली, अवो, जाऊ दे तिला, मी बसते. मी म्हणलं, जाऊ दे." नाना खांबाकडे बघत होते. "खिडकीत बसून आयुष्यभर लोकांच्या रांगा लावल्या मी. रांगेत घुसणाऱ्याला कधी पुढं सोडलं न्हाई. पण लेकरू कडेवर असंल तर सोडायचो. तिनं ते माझ्याकडनंच घेतलं असंल."

"नाना, त्या पोरीमुळं नाही गेली आई."

"ठाऊक हाय. ती वाईट वागली न्हाई, मीबी न्हाई. पर पोरी, मी चहा आणाय गेलो, परत आलो, चहा पिलो. तिच्या शेजारी बसून. तिनं मान टाकली तेव्हा मी पेपर वाचत हुतो."

आई थांबून गेली, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पण शेजारी माणूस असून, समोर शंभर माणसं असून, त्या थांबलेल्या बाईकडे कोणी बघितलं नव्हतं. भिंतीवर लाल चिठ्ठ्या लावताना हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुलाचा आवाज वाढला. नानांनी तिकडे पाहिलं.

"वृंदे, माझ्यापायी ते लेकरू ताटकळतंय. मी उठतो आता."

"बसा."

"अगं, काही हुत न्हाई मला. जाऊ दे तिला आत." आणि ते उठले. खुर्चीचा हात धरून सरळ उभे राहिले, एक पाऊल टाकलं, आणि पुन्हा बसले. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. मग ती दोन्ही हातांनी वर ओढून पोटाच्या खळगीत दाबून धरली आणि पुढं वाकले.

"जळजळतंय जरा," ते म्हणाले. "ठेचा जास्त झाला."

त्यांचा हात तोंडाशी गेला नाही. पाय अडकवले गेले नाहीत. तो पदर आणि तो पाय आईचेच होते, तिच्याबरोबर गेलेले. पिशवी दाबून धरणं मात्र दुखण्याचं होतं. वृंदानं कपाळाला हात लावला. गार घाम.

"मॅडमना बोलवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये गेला. "तन्मय, स्ट्रेचर."

पुढचं सगळं तिनं सिस्टर म्हणून केलं. कंडक्टरनं आणि त्या बाईनं, मूल दुसऱ्याकडे देऊन, नानांना उचलायला हात लावला. रॉड्रिग्ज मॅडम दोन दारांपलीकडे होत्या, त्या धावत आल्या. सकाळी स्वच्छ असलेली पट्टी आता दातेरी झाली होती. नानांना वर नेलं, मनगटातून नळी आत सरकवली, हृदयाकडची अडलेली वाट मोकळी केली. दार उघडून मॅडम बाहेर आल्या तेव्हा वृंदा भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आहेत," मॅडम म्हणाल्या. "शुद्धीवर आहेत. विचारतायत, पोरीला बालवाडीतनं आणलं का." मग म्हणाल्या, "घरी असते, तर..."

वृंदानं काकूंना फोन केला. जुई आली होती, जेवत नव्हती, घासाला गाडी लावा म्हणत होती. कुठली गाडी ते काकूंना माहीत नव्हतं. वृंदानं फोनवरच आजरा–आंबोली लावून दिली.

*

चार वाजून गेले होते. ओघाच्या खोलीत तन्मय एकटाच होता. त्यानं उद्याची मांडणी सुरू केली होती, पण पडद्यावर ठरलेली फेरी नव्हती. बाद फेऱ्या होत्या, थांबवून ठेवलेल्या.

"मी त्या बसण्यावरून शोध घेतला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्या बाद फेऱ्यांतून. आधीच घ्यायला हवा होता. मागच्या वर्षाचे पण काढले, पण ते..." त्यानं एक खिडकी बंद केली. "ते आज बघू नका. उद्याचे चौघं आहेत."

पडद्यावर खांबाजवळ करडी बाई बसली होती. एका फेरीत, मग दुसऱ्या फेरीत, तीच.

"एक करता येईल," तन्मय म्हणाला. "तो हात तोंडाशी नेणं, पाय अडकवणं, हे मी काढून टाकू शकतो. लक्षणाचा भाग नाही तो. पुढं पद्धत बसवायची तर नुसतं पोट दाबणं पुरेल. आणि तुम्हालाही रोज बघावं लागणार नाही."

वृंदा पडद्याजवळ गेली. एवढ्या जवळून ती बाई नुसते करडे ठिपके होती. वृंदा मागं सरकली की ती बाई परत पदर चावायला लागायची.

"राहू दे," ती म्हणाली. "अडचण नाही ना होत तिची?"

"नाही."

"मग राहू दे."

ओघ फक्त 'निघा' म्हणू शकत होता. 'थांबा' म्हणायला त्याला शिकवायचं तर महिना लागेल, असं तन्मयनं सांगितलं. ट्रस्टची परवानगी वेगळीच. तोवर हे कोणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं. वृंदानं फोन ओढून घेतला.

पहिल्या माणसाला वाटलं ती काहीतरी विकतेय. दुसरा घाबरला, त्यानं बायकोकडे फोन दिला, आणि वृंदाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. धडधाकट माणसाला काय सांगायचं, हेच कळत नव्हतं. तुमच्यासारखी कोणी आमच्याकडे मान टाकतेय, असं कसं सांगायचं? तिसऱ्यानं दोन शिव्या दिल्या, मग येतो म्हणाला.

चौथी महागावची, सुगंधा चौगुले. बाळंतपण होऊन चार महिने झालेले, बीपीच्या तपासणीला यायची होती. फोन उचलल्यावर आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग बाळाचं कुरकुरणं, मग ती.

"मशिन न्हाई ना ह्ये?" तिनं विचारलं. "मशिन एवढं बोलत न्हाई."

"नाही, मी सिस्टर. वृंदा. उद्या तुम्ही येणार आहात ना, तर तपासून झालं की लगेच जायचं नाही. माझ्यापाशी जरा बसायचं."

"बसायचं? काय झालंय का मला?"

"आत्ता काही झालेलं नाही."

"मग?"

"मला तुमच्याकडं बघत बसायचंय जरा."

पलीकडे बाळाला थोपटल्याचा आवाज आला. "आणि किती वेळ?"

वृंदानं पडद्याकडे पाहिलं. तिथली बाई पिशवी पोटाशी धरून वाकली होती. "ते मला सांगता येणार नाही, सुगंधाताई."

"सिस्टर, बाळ अंगावर पितंय माझं."

"घेऊन या त्याला. मी पाळणा बांधून ठेवते. मी धरीन."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली, आणि तिनं कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं. मग ती परत आली, आणि आता तिचा आवाज अगदी जवळून, फोन हाताच्या आडोशात धरल्यासारखा आला.

"मग दुपटी जास्तीची आणू का?"

"आणा," वृंदा म्हणाली. "बरीच आणा."